टेकडीवरचं हवेशीर बीळ विकणे आहे

एका जंगलात, मुलांनो, एक टेकडी होती. कुठल्या जंगलात ते विचारू नका. नाव सांगितलं तर उद्याच तिथले भाव वाढतील आणि दोष माझ्या माथी येईल.

त्या टेकडीच्या वरच्या अंगाला एक बीळ होतं. बिळात हैबती साळिंदर आणि त्याची बायको सगुणाबाई राहत. हैबती हे नाव त्याच्या आजोबांनी ठेवलं होतं. नातवाला पाहून जंगल थरथरेल, अशी त्यांची अपेक्षा. प्रत्यक्षात हैबती इतका मवाळ निघाला, की पाठीवरचे काटे फुलवायच्या आधी तो समोरच्याला "जरा मागं सरता का" म्हणून विचारायचा.

बीळ तसं चांगलं होतं. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. अडचण पाण्याची होती. पूर्वी टेकडीवर झरा होता, तो आटला. आता पाण्यासाठी थेट खालच्या ओढ्यापर्यंत उतरावं लागे. दोन वर्षांपूर्वी दरड कोसळली तेव्हा सगुणाबाईचा मागचा पाय दुखावला होता. तरी पाणी तीच आणायची. हैबतीला पाठवून पाहिलं होतं. तो जायचा, तुंबं भरून घ्यायचा आणि वर येता येता भेटेल त्याला पाणी पाजायचा. घरी पोचेपर्यंत तुंब्यात नुसता ओलावा उरायचा.

ओढ्याकाठी गोदूआत्या नावाची एक म्हातारी घोरपड राहायची. तिला बहिणीकडे पलीकडच्या खोऱ्यात राहायला जायचं होतं. ती सगुणाबाईला म्हणाली, "माझं बीळ तू घे. पाण्यापासून चार पावलांवर आहे. वर्षभराचे कंद दे आणि आत ये. पण जांभळं पिकेपर्यंतच थांबेन हो मी. नंतर मला जमायचं नाही."

एवढे कंद हातात यायचे, तर टेकडीवरचं बीळ आधी विकायला हवं होतं. सगुणाबाईने सागाच्या पानावर 'बीळ विकणे आहे' असं लिहिलं आणि ते पान दारातल्या काट्याकुट्यांत खोचून दिलं.

पहिल्यांदा एक ससा आणि त्याची बायको आली. त्यांनी घर पाहिलं. ससीणबाईंना आवडलं. त्या म्हणाल्या, "कोरडं आहे अगदी."

"आत्ता आहे," हैबती म्हणाला. "पावसाळ्यात मागच्या कोपऱ्यात झिरपतं. तिथं पिल्लांना झोपवू नका."

ससा-ससीण विचार करून सांगतो म्हणाले.

मग एक घूस आली. तिनं विचारलं, "वाट कशी आहे हो?"

"वाट सरळ आहे," हैबती म्हणाला. "बिबट्याही याच वाटेनं येतो."

घूस चहापाण्याला थांबली नाही. तिसरा आला तो काहीच विचारत नव्हता. हैबतीने त्याला स्वतःहून गाठलं आणि झिरपण्यापासून बिबट्यापर्यंत सगळं क्रमानं सांगितलं.

तो गेल्यावर सगुणाबाई म्हणाली, "अहो, त्याने विचारलं होतं का काही?"

"नव्हतं. म्हणूनच सांगितलं. न विचारणाऱ्याची फसवणूक लवकर होते."

सगुणाबाईने रिकामं तुंबं उचललं आणि लंगडत टेकडी उतरायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती वर आली ती मंजुळाबाईला घेऊनच.

मंजुळाबाई म्हणजे साळुंकी. ती जंगलात घरांची दलाली करायची. साळुंकी झाडावर राहते, मुलांनो. मंजुळाबाई आयुष्यात कधी बिळात उतरलेली नव्हती. पण जमिनीखालच्या घरांबद्दल तिच्याइतकं चांगलं कोणी बोलत नसे. आत उतरलेल्यांना तसं बोलता येत नाही.

ती दारासमोरच्या दगडावर बसली, मान इकडून तिकडे फिरवली आणि म्हणाली, "काका, रागावू नका. पण हे घर विकायला काढल्यासारखं दिसत नाही. राहिल्यासारखं दिसतंय."

"आम्ही राहतोच इथे," हैबती म्हणाला.

"तेच तर. आधी ती दारातली हाडं उचला."

साळिंदरांना हाडं कुरतडायची सवय असते. दात झिजवायला ती लागतात. हैबतीच्या दारात तीन पिढ्यांची कुरतडलेली हाडं होती. त्यातलं सांबराचं एक शिंग तर त्याच्या वडिलांच्या खास आवडीचं होतं. ते सगळं झुडपामागे गेलं.

"आता वास," मंजुळाबाई म्हणाली. "घरात घरमालकाचा वास येता कामा नये."

"मग कोणाचा यावा?"

"कोणाचाच नाही. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, हे घर इतकी वर्षं आपलीच वाट बघत रिकामं बसलं होतं."

मग भिंतींना पांढरी माती लागली. आत रानमोगऱ्याचे गजरे टांगले. दाराशी दोन गुळगुळीत गोटे मांडले. ते कशासाठी ते कोणालाच माहीत नव्हतं, पण चांगल्या घरांपुढे असतात म्हणे. सागाचं नवं पान आलं. त्यावर मंजुळाबाईने लिहिलं, 'टेकडीवरचं प्रशस्त, हवेशीर बीळ विकणे आहे. शांत परिसर. सज्जन शेजार.'

हैबतीने ते दोनदा वाचलं. "शेजारी कोणीच नाही आपल्याला. होते ते बिबट्याने नेले."

"म्हणूनच परिसर शांत आहे," मंजुळाबाई म्हणाली. "आणि शेजारी नाहीत, म्हणजे त्यांच्याबद्दल तक्रारही नाही. याहून सज्जन शेजार कुठला असतो, काका?"

हैबतीला यात काहीतरी चूक आहे हे कळत होतं. पण नेमकं कुठे बोट ठेवावं ते सापडेना.

शेवटची अट अशी होती, की घर विकलं जाईपर्यंत दोघांनी त्यात राहायचं नाही. भिंतीची माती काट्यांनी खरवडते. तेव्हा दोघं खालच्या करवंदीच्या जाळीत राहायला गेली. स्वतःचं घर इतकं सुंदर झालं होतं की त्यात शिरायची सोय उरली नव्हती. पहिल्याच आठवड्यात हैबतीला पडसं झालं. शिंक आली की पाठीचे सगळे काटे खडखड वाजायचे आणि आजूबाजूची पाखरं उडायची.

गिऱ्हाइकं येऊ लागली. येत, बघत, वाखाणत आणि जात.

"सुंदर आहे," एक जण म्हणाला. "सकाळी चार पाहिली, तीही अशीच सुंदर होती."

कारण मंजुळाबाई सगळ्यांचीच कामं करत होती. जंगलात विकायला काढलेल्या प्रत्येक बिळाला तीच पांढरी माती होती. तोच मोगरा. दाराशी तेच दोन गोटे. भारद्वाजाचं दर्शन शुभ असतं, म्हणून गिऱ्हाईक येण्याच्या वेळी समोरच्या फांदीवर भारद्वाज बसवायची तिने टूम काढली होती. पण जंगलात भारद्वाज एकच होता. तो सकाळपासून घरोघर पळत असे. हैबतीच्या दारात तो पोचला तेव्हा इतक्या धापा टाकत होता की आलेल्या गिऱ्हाइकांना ते बरं लक्षण वाटेना. ती पायरीवरूनच परत गेली.

इकडे जांभळं हिरवी होती ती लालसर व्हायला लागली.

मंजुळाबाई पुन्हा दगडावर येऊन बसली. "काका, आता घराला वेगळेपण पाहिजे. माती काय, कोणीही फासतं. घराला इतिहास हवा."

"आहे की," हैबती म्हणाला. "सगुणाचा पाय इथेच दुखावला. आमची तिन्ही पोरं इथेच झाली. माझे वडील याच दारात..."

"तसला इतिहास नको. तो प्रत्येकाच्या घरी असतो. मोठ्या जनावराचा इतिहास हवा." तिने डोळे मिटले, जरा वेळाने उघडले. "राजेसाहेब."

राजेसाहेब म्हणजे या जंगलाचा वाघ. आता तो बराच म्हातारा झाला होता.

"राजेसाहेब लहान असताना एकदा गारपिटीत सापडले," मंजुळाबाई सांगू लागली. डोळ्यांसमोर घडत असल्यासारखी ती सांगत होती. "आकाश फाटलं. टपोऱ्या गारा. आई कुठे दिसेना. तेव्हा ते बालराजे या बिळात शिरले आणि गारा थांबेपर्यंत इथेच बसून राहिले."

"असं कधी झालं?"

"झालं नाही असं कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय. वाघ यात मावेल तरी का?"

"तेव्हा ते लहान होते, काका."

"आणि आमचे वाडवडील आत असताना वाघाचं पिल्लू आलं असतं, तर त्यांनी काटे नसते फुलवले?"

"बालपणी ते फार गोड होते," मंजुळाबाई म्हणाली.

हैबती उठून उभा राहिला. त्याने आवाज चढवला नाही. त्याला तो चढवता येत नसे. एवढंच म्हणाला, "माती फासली, मोगरा टांगला, घर सोडून काट्याकुट्यांत राहिलो. ते सगळं ठीक. पण जे झालंच नाही ते झालं म्हणून मी सांगणार नाही. बाई, तुम्ही या आता."

मंजुळाबाई उडून गेली. शेजारी कोणी नसल्यामुळे हैबतीच्या बाणेदारपणाची वाखाणणी करायलाही कोणी नव्हतं. तो एकटाच टेकडीच्या कडेला बसून खाली बघत राहिला.

खालून सगुणाबाई येत होती. दोन्ही पंज्यांत पाण्याचं तुंबं. दहा पावलं चालायची, तुंबं खाली ठेवायची, दुखरा पाय चाटायची, पुन्हा उचलायची. एका चढावर तिचा पाय घसरला आणि अर्धं पाणी सांडलं. ती तिथेच थांबली. तिने वर पाहिलं, मग खाली ओढ्याकडे पाहिलं. किती वेळ ती नुसती उभी होती. मग अर्धं तुंबं उचलून पुन्हा चढायला लागली.

ती वर पोचली तेव्हा हैबती म्हणाला, "मंजुळाबाईला निरोप दे. पाटी लावा म्हणावं."

सगुणाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला पटलं का?"

"नाही पटलं. तू पाणी पी."

पाटी लागली. 'राजेसाहेब बालपणी गारपिटीच्या वेळी या बिळात थांबले होते.' खाली बारीक अक्षरांत, 'विकणे आहे.'

लहान मुलांनी खोटं बोलू नये. त्यासाठी मोठी माणसं आहेत. आणि मोठ्यांचं खोटं कसं चालतं ते आता बघा. दुसऱ्याच दिवशी टेकडीवर रांग लागली. तीच भिंत, तोच मोगरा. पण आता लोक भिंतीला कान लावून बघायचे. एका उंदरीणबाईने आपल्या पोरांना कोपऱ्यात नेऊन दाखवलं, "इथे बसले असतील." तो झिरपणारा कोपरा होता. तिला तिथली ओल पाहून गहिवरून आलं. "गारांचं पाणी," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी नागोजी मुंगूस आला. नागोजीने मोहाच्या फुलांचा साठा करून अलीकडेच खूप कंद जमवले होते. त्याच्याकडे तीन घरं होती, तिन्हींत बसायला पाहुणे नव्हते. त्याने बिळाकडे फारसं पाहिलं नाही. पाटी मात्र चारदा वाचली.

"ही पाटी घराबरोबर मिळेल ना?"

"हो तर," मंजुळाबाई म्हणाली.

"मग घेतलं," नागोजी म्हणाला.

मागितले होते त्याहून जास्त कंद द्यायला तो तयार झाला. सौदा ठरला. परवा सकाळी नागोजीने कंद घेऊन यायचं आणि ताबा घ्यायचा. सगुणाबाई त्याच दिवशी खाली जाऊन गोदूआत्याला सांगून आली. जांभळं अजून पुरती पिकली नव्हती. आज ती हसतमुखाने टेकडी चढली. म्हणाली, "अहो, तिच्या दारात बसलं की पाय पाण्यात सोडता येतात."

हैबतीने तिला एवढं हसताना दरडीनंतर पहिल्यांदाच पाहिलं. खोटं बोललं की इतकं बरं वाटतं, हे त्याला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

परवाची सकाळ उजाडली. सगुणाबाईने दोन बोचकी बांधली. नागोजी कंदांच्या टोपल्या घेऊन टेकडी चढत होता. त्याच्या पुढे एक तरस चढत होतं.

हे तरस म्हणजे राजेसाहेबांचे दिवाणजी. ते सदा हसतच बोलत. त्यामुळे बक्षीस सांगताहेत की शिक्षा, हे ऐकणाऱ्याला शेवटच्या शब्दापर्यंत कळत नसे.

"पाटी कोणाची?" दिवाणजींनी हसत विचारलं.

मंजुळाबाई दगडावर होती ती फांदीवर गेली. फांदीवरून वरच्या फांदीवर गेली. मग दिसेनाशी झाली.

"माझी," हैबती म्हणाला.

"राजेसाहेब गारांना घाबरून साळिंदराच्या बिळात लपले, असं तुझं म्हणणं आहे?"

"घाबरून असं लिहिलेलं नाही," सगुणाबाई हळूच म्हणाली.

"लिहिलेलं नाही, पण वाचता येतं," दिवाणजी हसले. "राजेसाहेब स्वतः येताहेत. त्यांनी पायी टेकडी चढायला तीन वर्षं झाली. तेव्हा विचार करून बोला."

नागोजीने टोपल्या खाली ठेवल्या आणि आपण नुसतेच फिरायला आलो आहोत अशा चेहऱ्याने टेकडीवरचा देखावा बघू लागला.

वाघ आला. दर दहा पावलांवर थांबत, धापा टाकत आला. चढ संपल्यावर तो मटकन बसला. दिवाणजींनी त्याला पाटी वाचून दाखवली.

राजेसाहेबांबद्दल जंगलात ज्या गोष्टी सांगत, त्या सगळ्या जुन्या होत्या. गवा मारल्याची एक, पूर पोहून पार केल्याची एक. त्या ऐकून ऐकून लोकांना पाठ झाल्या होत्या आणि हल्ली दरबारात त्या सुरू झाल्या की मागची रांग जांभया द्यायची. नवीन गोष्ट कित्येक वर्षांत कोणी सांगितली नव्हती.

"हे खरं आहे का?" वाघाने विचारलं.

हैबतीने ठरवलं होतं, आता खरं सांगायचं. तोंड उघडलंही. पण समोर वाघ होता, मुलांनो, कितीही म्हातारा असला तरी. हैबतीचं अंग थरथरलं आणि पाठीचे काटे खडखड खडखड वाजू लागले.

वाघाने कान टवकारले.

"हा आवाज," तो म्हणाला. "थांबा. कोणी बोलू नका. हाच आवाज होता तो."

सगळे थांबले. काटे वाजत राहिले.

"आठवतंय मला," वाघ सावकाश म्हणाला. "गारा पडत होत्या. मी मजेत फिरत होतो. मला गारा आवडायच्या. इतक्यात या बिळातून खडखड ऐकू आली. आत एक साळिंदर गारांना घाबरून थरथरत होतं. मी आत गेलो. त्याच्याजवळ बसलो. त्याला म्हटलं, बाबा, भिऊ नकोस, मी आहे."

दिवाणजींनी डोळे पुसले.

"महाराज," हैबती म्हणाला, "आपण लहान होता तेव्हा मी जन्मलोही नव्हतो."

दिवाणजींचा पंजा हैबतीच्या पायावर पडला. "तो याचा बाप असेल, महाराज. बाप थरथरला म्हणजे हाही थरथरलाच. भीती यांच्या घराण्यातच आहे."

"माझे वडील गारांना भीत नव्हते," हैबती म्हणाला. पण दिवाणजींचा पंजा जड होता आणि वाक्य निम्म्याहून पुढे कोणाला ऐकू गेलं नाही.

वाघ उठला. त्याने बिळात डोकं घालून पाहिलं. डोकं कानांपर्यंतच गेलं. ते बाहेर काढताना दोघांना मदत करावी लागली. बाहेर आल्यावर त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ते ओढाताणीचं की आठवणीचं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

"हे घर विकायचं नाही," तो म्हणाला. "हे आता सगळ्या जंगलाचं आहे."

दिवाणजींनी तिथल्या तिथे हुकूम सांगितला. बीळ मूळ स्वरूपात जतन करायचं. विकायचं नाही, बदलायचं नाही. पांढरी माती खरवडून टाकायची, झुडपामागची हाडं पुन्हा दारात मांडायची. गारांना घाबरलेलं साळिंदरही त्या स्वरूपाचाच भाग आहे, तेव्हा त्याने इथेच राहायचं. रोज सकाळ-संध्याकाळ, आलेल्या लोकांसमोर थरथरायचं.

"आणि आमचं ओढ्याकाठचं घर?" सगुणाबाईने विचारलं.

"बाई," दिवाणजी हसले, "तुमच्या घराचं सोनं झालं. अजून काय पाहिजे?"

नागोजीला हवा कुठून वाहते ते चटकन कळायचं. तो पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "महाराज, हे घर मी घेणार होतो. आपल्या आठवणीसाठी मी ते सोडतो." वाघाला त्याचा त्याग पाहून भरून आलं. बिळाच्या दारात एक उभा दगड रोवला गेला. त्यावर नागोजीचं नाव कोरलं. त्याने न घेतलेलं घर दान केलं, असं त्यावर लिहिलेलं आहे. हैबतीचं नाव कुठे नाही. तिथे फक्त 'साळिंदर' असं आहे.

नागोजीने टोपल्या उचलल्या आणि टेकडी उतरला. ओढ्याकाठी गोदूआत्याच्या दारात मंजुळाबाई त्याचीच वाट बघत बसली होती. गोदूआत्याच्या बिळावर संध्याकाळच्या आत पाटी लागली. 'राजस्मारकाच्या वाटेवर, पाण्यालगत.' ती वाचून नागोजीने ते घर घेतलं.

गोदूआत्या जाताना टेकडीच्या पायथ्यापर्यंत आली होती. वर चढणं तिला जमणार नव्हतं. तिने खालूनच सगुणाबाईला हात केला. सगुणाबाईनेही वरून केला. दोघींना एकमेकींचं काही ऐकू आलं नाही.

स्मारक चालू लागलं. लोक लांबून यायचे. टेकडी चढून दमायचे. त्यांचे हाल दिवाणजींच्या कानावर गेले आणि राजाज्ञेने टेकडीवर पाणपोई झाली. रोज सकाळी चार रानगवे पखाली भरून वर आणत. पाणी फक्त दर्शनाला आलेल्यांसाठी होतं. तेव्हा सगुणाबाई रोज आपल्या बिळाच्या मागच्या अंगाने बाहेर पडायची, फेरी मारून पुढे यायची, रांगेत उभी राहायची, आपल्याच घराचं दर्शन घ्यायची आणि तुंबं भरून आत जायची. रांग लांब असे. पण सपाटीवर होती. पाय दुखत नसे.

हैबतीला पहिले काही दिवस थरथरायला जमेना. समोर कोणी भीतिदायक नसायचं. असायची ती खारी-उंदरांची पोरं. "हा घाबरत का नाही?" एकाने आईला विचारलं. दिवाणजींकडे तक्रार गेली. दिवाणजी हसत हसत येऊन गेले. त्यानंतर हैबती चांगला थरथरू लागला.

एकदा एक म्हातारा कासव आला. तो फार सावकाश आला होता आणि बाकीचे सगळे निघून गेले होते. हैबतीला राहवलं नाही. तो म्हणाला, "आजोबा, इतक्या लांबून आलात म्हणून सांगतो. यातलं काही झालेलं नाही. राजेसाहेब इथे आले नव्हते. पाटी आम्ही घर विकायला लावली होती."

कासवाने त्याच्याकडे बराच वेळ प्रेमाने पाहिलं.

"किती नम्रपणा," तो म्हणाला. "एवढा मान मिळाला, तरी गर्वाचा लवलेश नाही."

खाली जाऊन त्याने ते सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली.

त्या संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर दोघं दारात बसली. सगुणाबाईने हैबतीपुढे पाण्याचं तुंबं सरकवलं.

"आज मी रांगेतून बघत होते," ती म्हणाली. "तुम्ही आता अगदी खरं वाटेल असं घाबरता."

"खरंच घाबरतो."

"लहान पोरांना?"

"नाही गं," हैबती म्हणाला. "रोज वाटतं, एखाद्या सकाळी राजेसाहेबांना आठवेल, की आपण इथे कधी आलोच नव्हतो."

"नाही आठवायचं," ती म्हणाली. "परवा पालखीतून आले होते ना, तेव्हा गारांचा आकार सांगत होते. नारळाएवढ्या होत्या म्हणे. प्या पाणी."

हैबती पाणी प्यायला. पाणी गार होतं.

तात्पर्य: घर विकताना खोटं जरूर बोलावं, पण ते गिऱ्हाइकाच्या ऐपतीपेक्षा मोठं असू नये. त्याहून मोठं झालं की ते सरकारजमा होतं, आणि घरमालकाला जन्मभर त्यातच राहावं लागतं.